‘फक्त आयडिया घेतली, सर!’

मुंबईत बीएमएस, बीएएफ किंवा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला जानेवारीनंतर गाठलं, की त्याच्या डोक्यात एकच गोष्ट असते : ब्लॅक बुक. काळ्या रेक्झिनची पक्की बांधणी, वर सोनेरी अक्षरांत विषय, त्याखाली स्वतःचं नाव, गाइडचं नाव, कॉलेजचं बोधचिन्ह. आत आधी प्रमाणपत्र, मग प्रतिज्ञापत्र, मग ऋणनिर्देश आणि त्यानंतर प्रकल्प. बाहेरचे परीक्षक ते पाच-दहा मिनिटं चाळतात, दोन-चार प्रश्न विचारतात. मग ते कॉलेजच्या कपाटात जाऊन पडतं. पण तिथवर पोचण्याआधी प्रत्येकाला एक दार ओलांडावं लागतं. ‘विषय काय घेतलास?’

या प्रश्नाचं उत्तर शोधायच्या जुन्या वाटा सगळ्यांना ठाऊक आहेत. सिनिअरची सॉफ्ट कॉपी मागायची. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याच्या संगणकात गेल्या कित्येक बॅचचे प्रकल्प पडलेले असतात, त्यातला एक उचलायचा. घाटकोपरच्या जागी कल्याण टाकायचं, एका बँकेच्या जागी दुसरी बँक, आणि शीर्षकाला ‘विशेष संदर्भासह’ ही शेपटी तशीच ठेवायची. गाइडनी यादी दिलीच, तर रोल नंबरप्रमाणे त्यातला एक विषय अंगावर यायचा. आता ही पायपीट संपली. फोन काढायचा, चॅटबॉट उघडायचा, रोमन अक्षरांत मराठी किंवा मोडकं इंग्रजी टाइप करायचं. दहा सेकंदांत दहा विषय हजर.

मी ते करून पाहिलं. मार्केटिंगमधले दहा विषय मागितले. ऑनलाइन खरेदीबाबत ग्राहकांचं वर्तन, इन्फ्लुएन्सर मार्केटिंगचा तरुणांवर परिणाम, यूपीआय आणि छोटे व्यापारी, दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या कंपन्या, पर्यावरणस्नेही उत्पादनं वगैरे. दुसऱ्या कंपनीच्या चॅटबॉटला विचारलं. क्रम बदलला, यादी जवळपास तीच राहिली. मग एका कॉलेजात यंदाच्या विषयांची यादी बघायला मिळाली. तिच्यावरून नजर फिरवताना ओळखीची मंडळी भेटत असल्यासारखं वाटत होतं.

पुणे, मुंबई आणि कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलताना बहुतेकांनी पहिली अट घातली, ‘नाव छापू नका.’ म्हणून या लेखात कुणाचंच नाव नाही. पण ही अटच पुष्कळ सांगून जाते. चॅटबॉट वापरतोस का, असं विचारलं की कुणीही लाजत नाही. कशासाठी वापरतोस, असं विचारलं की आवाज किंचित खाली येतो आणि ठरलेलं वाक्य येतं : लिहून नाही घेतलं सर, फक्त आयडिया घेतली.

या ‘फक्त’वर माझा डोळा आहे.

वापर किती पसरलाय, याबद्दल आता आश्चर्य उरलेलं नाही. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं 30 नोव्हेंबर 2022 रोजी. ब्रिटनमधली उच्च शिक्षण धोरण संस्था ‘हेपी’ दरवर्षी पदवीच्या विद्यार्थ्यांची पाहणी करते. 2024 मध्ये या ना त्या कारणासाठी एआय वापरणारे 66 टक्के होते, 2025 मध्ये ते 92 टक्के झाले. त्यातले तीन मोठे वापर म्हणजे संकल्पना समजून घेणं, लेखांचा सारांश करून घेणं आणि संशोधनासाठी कल्पना मागणं. चॅटबॉटचा मजकूर थेट आपल्या लेखनात घातल्याचं कबूल करणारे मात्र 18 टक्केच. म्हणजे ‘फक्त आयडिया’ हे वाक्य लंडनमध्येही तितकंच चालतं. आपल्याकडे आयआयटी दिल्लीनं आपल्या आवारात पाहणी केली, तेव्हा पाचपैकी चार विद्यार्थी ही साधनं वापरत असल्याचं दिसलं.

त्यात 2025च्या जुलैपासून कंपन्यांनी भारतातल्या विद्यार्थ्यांवर फुकट वाटपाचा धडाका लावला. गुगलनं जेमिनीची वर्षाची साडेएकोणीस हजारांची योजना विद्यार्थ्यांना मोफत दिली. एअरटेलनं आपल्या 36 कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो दिलं. ओपनएआयनं ऑगस्टमध्ये 399 रुपये महिन्याची ‘गो’ योजना आणली आणि नोव्हेंबरपासून तीही वर्षभर फुकट केली. आपल्या कितीतरी कॉलेजांत पुस्तक घरी न्यायचं तर अनामत रक्कम भरावी लागते, ग्रंथपालांची सही लागते, आणि पुस्तक बाहेर असेल तर नंबर लावावा लागतो. मुलं कुठे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मुलांच्या डोक्यात नियमांची उतरंड मात्र अगदी स्पष्ट आहे, विद्यापीठांच्या परिपत्रकांपेक्षा कितीतरी स्पष्ट. विषय विचारणं बिनदिक्कत चालतं. ‘सिनिअरला विचारतो तसंच ना!’ विषय स्वतःचा असेल आणि त्याचा नीट ‘संशोधन प्रश्न’ करून घेतला, तर तेही चालतं. प्रकरणांचा आराखडा मागणं चालतं, फक्त गाइडला सांगायचं नाही. परिच्छेद लिहून घेऊन तो ‘आपल्या शब्दांत फिरवणं’ सगळेच करतात, त्यामुळे त्याला कुणी नाव ठेवत नाही. जसाच्या तसा चिकटवणं चुकीचं, यावर एकमत. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता हे एकमत किती टिकतं, ते हॉस्टेलच्या भिंतींना विचारायला हवं. इंजिनिअरिंगच्या मुलांना यात काही नवं वाटतच नाही. असाइनमेंट ‘छापणं’ हा शब्द त्यांच्याकडे यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. राइट-अप एकानं लिहायचा, बाकीच्यांनी छापायचा, फाइल चेक करून घ्यायची, व्हायवाला जे होईल ते होईल. आता पहिला लिहिणारा बदलला, इतकंच.

या उतरंडीत एक पायरी मला कुणी आपणहून सांगितली नाही, खोदून विचारावी लागली. ब्लॅक बुकमध्ये शंभर जणांची प्रश्नावली असते. ती शंभर माणसं पूर्वीही बऱ्याचदा हॉस्टेलच्या तीन खोल्यांत आणि मामेभावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सापडायची. आता तीही लागत नाहीत. उत्तरं मागितली की मिळतात, टक्केवारी आणि वर्तुळाच्या आलेखासकट. वाक्य कुणी लिहिलं यावर आपण एवढे हमरीतुमरीवर येतो, पण माणसं होती की नव्हती हे परीक्षक क्वचितच विचारतात. माझ्या मते हा गुन्हा वाक्य चोरण्याहून मोठा. एका मुलानं मात्र मला शांतपणे सांगितलं, ‘सर, आकडा बरोबर आहे का हे बघणाराच नसेल, तर तो खरा असून काय उपयोग?’ याच्यावर देण्यासारखं उत्तर माझ्यापाशी तयार नव्हतं.

सगळेच या बाजूचे नाहीत, हेही नोंदवायला हवं. मराठीच्या एका एम.ए.च्या विद्यार्थिनीनं चॅटबॉट वापरणं सोडून दिलंय. तिच्या मते विषय सुचत नाही याचा अर्थ आपण वाचलेलं नाही. त्यावरचा उपाय वाचणं हाच, विचारणं नव्हे. शिवाय तिला अनुभव वाईट आला होता. ग्रामीण कादंबरीवर संदर्भ मागितले, तर यंत्रानं पाच ग्रंथ दिले. लेखक होते, प्रकाशक होते, वर्षं होती. ग्रंथालयात दोन दिवस घालवल्यावर कळलं की त्यातली तीन पुस्तकं कुणी लिहिलेलीच नाहीत. मराठीत हे जास्त होतं, कारण मराठी ग्रंथांबद्दलचा विश्वासार्ह मजकूर जाळ्यावर तुटपुंजा आहे, आणि यंत्राला गप्प बसायची सवय नाही. याउलट रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारा एक जण त्याला भांडायला वापरतो. आपली कल्पना लिहायची आणि म्हणायचं, हिच्यातले दोष काढ. विषय तो कधीच मागत नाही. त्याच्या मते फुकट मिळालेला विषय तीन वर्षं सांभाळवत नाही.

आता ‘फक्त आयडिया’कडे वळू. आयडिया ही निरुपद्रवी गोष्ट आहे, खरी चोरी शब्दांची, असं आपण सगळेच धरून चालतो. या गृहीतकाला धक्का देणारे काही प्रयोग अलीकडे झाले आहेत. ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी, अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांनी, लोकांना छोट्या, आठ वाक्यांच्या गोष्टी लिहायला सांगितल्या. काहींना कसलीच मदत नाही, काहींना यंत्राकडून एक कल्पना, काहींना पाचपर्यंत कल्पना. लिहायचं मात्र स्वतःच. 2024 मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मध्ये निष्कर्ष आले. कल्पना मिळालेल्यांच्या गोष्टी वाचकांना अधिक चांगल्या वाटल्या, आणि ज्यांचा हात मुळात फारसा चालत नव्हता त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. पण त्या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींसारख्या दिसू लागल्या होत्या. एकेकट्याचा फायदा, सगळ्यांचा मिळून तोटा. अमेरिकेत व्हार्टनच्या संशोधकांनी पंखा आणि वीट यांपासून खेळणं सुचवायला सांगितलं, तेव्हा चॅटजीपीटीची मदत घेणाऱ्यांपैकी नऊ जणांनी, एकमेकांशी काही न बोलता, आपल्या खेळण्याला एकच नाव दिलं होतं : ‘बिल्ड-अ-ब्रीझ कॅसल’.

तिसरा प्रयोग आपल्या अधिक जवळचा. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय आणि अमेरिकी लोकांना आवडता पदार्थ, आवडता सण अशा विषयांवर लिहायला बसवलं. निम्म्यांना लिहिता लिहिता पुढचे शब्द सुचवणारं यंत्र दिलं. आवडत्या पदार्थाला यंत्र सुचवी पिझ्झा, सणाला ख्रिसमस. ‘एस’पासून सुरू होणाऱ्या नावासाठी भारतीय माणूस शाहरुख लिहायला गेला, की पुढे येई शकील ओनील, अमेरिकेचा बास्केटबॉलपटू. लोक ते खोडत होते, दुरुस्त करत होते, आणि तरी त्यांच्या लेखनाची धाटणी हळूहळू अमेरिकी होत गेली. हे वाचताना हसू येईल. पण आपल्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी जेव्हा ‘समाजशास्त्रात चांगला विषय सुचव’ म्हणते, तेव्हा तिच्यापुढे येणारी यादी याच मुशीतून आलेली असते.

यंत्रानं आपल्या मुलांची प्रतिभा मारली, असा ओरडा करायला हा पुरावा वापरता येईल. मी तो करणार नाही, कारण त्याआधी आपल्याच कपाटाचं दार उघडावं लागेल. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं चालवलेल्या ‘शोधगंगा’वर देशभरातले पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. मराठी प्रबंधांच्या शीर्षकांवर नुसती नजर टाका. ‘अमुक यांच्या साहित्याचा चिकित्सक अभ्यास’, ‘तमुक तालुक्यातील अमक्यांची सामाजिक-आर्थिक स्थिती : एक अभ्यास’, ‘समस्या आणि उपाय’. ही यंत्राची भाषा नव्हे. ही आपली आहे, चाळीस वर्षं जुनी. यंत्र ती आपल्याकडूनच शिकलं आणि व्याजासकट परत करतंय. एकसारखेपणाचा कारखाना आपल्याकडे आधीच चालू होता, आता त्याला वीज मिळाली.

यात एक गोष्ट सुटू नये. यंत्राकडून विषयांची यादी घेणारी सगळीच मुलं आळशी नसतात. बीड जिल्ह्यातल्या, पुण्यात एम.ए. करणाऱ्या एका मुलीचं उदाहरण सविस्तर सांगतो. तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास घर बंद होतं, फडावर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी राहते, आणि नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती उसातून फेडायची. आजारपणात एखादा दिवस चुकला तर खाडा पडतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.ला संशोधन प्रकल्प आला, आणि वर्गात विषय विचारले गेले. तिला आपल्या घरचा विषय घ्यायची लाज वाटत होती. म्हणून तिनं आधी चॅटबॉटला विचारलं, ‘ऊसतोड कामगारांवर विषय सुचव.’ उत्तर ठरलेलं : सामाजिक-आर्थिक स्थिती, मुलांच्या शिक्षणाच्या समस्या, महिलांचं आरोग्य, शासकीय योजनांची अंमलबजावणी. कोयता म्हणजे त्यानं फक्त अवजार धरलं होतं.

त्यावर ती चिडली. माझ्या मते हे चिडणं ही त्या प्रकल्पातली पहिली खरी संशोधनाची हालचाल. तिनं यंत्राला समजावून सांगायला घेतलं. कोयता दोघांचा असतो. उचल घेताना सही किंवा अंगठा वडिलांचा. हिशेब मुकादमाच्या वहीत. आईला आकडा माहीत असतो, पण तो तिनं कधी पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. हे लिहून झाल्यावर यंत्रानं तिला उलट विचारलं : वही कोण लिहितं, कोण वाचू शकतं, वाद झाला तर कुणाची आठवण ग्राह्य धरतात? ती म्हणते, पहिले दोन प्रश्न तिला सुचले असते. तिसरा सुचला नसता. त्यातून विषय झाला : उचलीचा हिशेब बायका कसा लक्षात ठेवतात. त्यासाठी ती सुट्टीत आपल्याच गावातल्या बायकांकडे गेली. कुणी पोराच्या वयावरून साल सांगत होतं, कुणी कोणत्या कारखान्यावर होतो त्यावरून. एकीनं तर उसाच्या गाड्यांच्या खेपा चुलीमागच्या कुडावर कोळशानं रेघा ओढून मोजल्या होत्या आणि हंगामाअखेर मुकादमाशी त्या रेघांवरून भांडली होती. कोपी मोडली तसा तो कुडही गेला. त्या रेघांचा फोटो कुठेच नाही.

यात आयडिया कुणाची, ते आता ठरवा.

मुलीनं हा विषय गाइडना सांगितला, तर त्यांना तो ‘फार छोटा’ वाटला. त्यांनी सुचवलेलं शीर्षक चॅटबॉटच्या यादीतल्या पहिल्या शीर्षकाशी अक्षरशः जुळत होतं. मला यात गाइडची थट्टा करायची नाही. ते गृहस्थ सीएचबीवर आहेत, म्हणजे तासिका तत्त्वावर. जितके तास तितके पैसे, तेही वेळेवर नाहीत. राज्यात प्राध्यापकांची हजारो पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत, आणि जे आहेत त्यांच्या टेबलावर नॅकची कागदपत्रं, परीक्षा, प्रवेश, निवडणुकीची कामं. पीएच.डी.साठी निदान मर्यादा आहे. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी. एम.ए.च्या प्रकल्पांचा भार मात्र एकेकाकडे वर्गच्या वर्ग येतो. अशा माणसानं प्रत्येक मुलीच्या घरच्या कोपीपर्यंत जाऊन विषय शोधावा, ही अपेक्षा करणारे बहुधा स्वतः शिकवत नसतात.

पण मुलांच्या बाजूनं पाहिलं तर चित्र असं दिसतं. गाइड आठवड्यातून एकदा, स्टाफरूमच्या दारात, चार मिनिटं भेटणार. तिथं अर्धीकच्ची कल्पना बोलायची कशी? ‘आधी नीट वाचून या’ हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. इंग्रजी अडखळतं. वर्गातली शहरातली मुलं हसतील. यंत्र हसत नाही, रात्री दोन वाजता जागं असतं, तोच प्रश्न आठव्यांदा विचारला तरी तितक्याच उत्साहानं उत्तर देतं. कोल्हापूरच्या एका मुलानं सांगितलं की त्याच्या घरात कॉलेजात गेलेला तो पहिलाच, संशोधन म्हणजे काय हे विचारायला घरात कुणी नाही आणि विभागात विचारायला धीर नाही. त्याच्यासाठी चॅटबॉट म्हणजे सुशिक्षित घरातल्या मुलांना आयता मिळणारा काका किंवा मावशी. मी हे सगळं ऐकत गेलो तसं एक मत पक्कं होत गेलं. विषय मिळावा म्हणून मुलं यंत्राकडे जातात हे अर्धसत्य आहे. आपली कल्पना मोठ्यानं बोलून बघायला एक कान हवा असतो, म्हणून ती जातात. विद्यापीठात ती जागा रिकामी पडली होती. कंपन्यांना ती फुकट मिळाली.

तो कान गोडबोल्या आहे, ही अडचण वेगळी. तुमचा विषय कसाही असो, सुरुवात ‘अतिशय महत्त्वाचा आणि कालसुसंगत विषय!’ अशी होते. 2025च्या एप्रिलमध्ये ओपनएआयला आपली एक नवी आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्याची नको तितकी भलामण करत होती. ज्या मुलांना दहावीपासून कुणी ‘छान’ म्हटलेलं नाही, त्यांना ही भलामण फार गोड लागते. रसायनशास्त्रवाला म्हणतो तसं, दोष काढ असं सांगितल्याशिवाय ते दोष काढत नाही. आणि दोष काढून घ्यावेत हे सुचायला आधी कुणीतरी आपले दोष मायेनं काढलेले असावे लागतात.

नियमांची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण नियम या प्रश्नाच्या जवळपास पोचलेलेच नाहीत. यूजीसीनं 2018 मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांत पुन्हा सादर करायचं, 40 ते 60 असेल तर वर्षभर बंदी, त्यावर गेलं तर नोंदणी रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतची सामान्य माहिती वगळायची. या नियमांत वाङ्मयचौर्याच्या व्याख्येत दुसऱ्याचं ‘काम किंवा कल्पना’ आपली म्हणून मांडणं असं स्पष्ट म्हटलंय. कल्पना तिथं आहे. पण मोजायचं यंत्र शब्द मोजतं. आणि चॅटबॉट हा ‘दुसरा’ आहे का, याचा विचार 2018 मध्ये कुणी करण्याचं कारण नव्हतं. मुलं या फटीतून आरपार जातात. साम्य चार टक्के, अहवाल हिरवा, सगळं कुशल.

मग आले एआय ओळखणारे डिटेक्टर. ओपनएआयनं 2023च्या जानेवारीत स्वतःचा डिटेक्टर काढला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या टोफेलच्या 91 निबंधांपैकी सरासरी 61 टक्के निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकी आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक ओळखले. साधी, सरळ, पाठ केल्यासारखी वाक्यरचना त्यांना यंत्राची वाटते. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं जातं ते नेमकं तसंच. परिणाम असा की काही मुलं आता स्वतः लिहिलेल्या परिच्छेदात मुद्दाम स्पेलिंगच्या चुका पेरतात. हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठात कायद्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एआयच्या संशयावरून नापास केलं, तेव्हा तो 2024 मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. विद्यापीठानं त्याला उत्तीर्ण केल्याचं सांगितल्यावर ती याचिका निकाली निघाली, आणि यंत्राची मदत म्हणजे नेमकं काय, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

काही शिक्षकांनी आपापल्या पातळीवर वाट काढली आहे, ती मला परिपत्रकांपेक्षा आशादायक वाटते. पुण्यातल्या एका प्राध्यापिका विषय देतच नाहीत आणि विषयाचं शीर्षकही मागत नाहीत. पहिल्या महिन्यात फक्त एक कागद मागतात : तुमच्या गावात, गल्लीत, घरात तुम्हाला न उलगडलेली, खटकणारी एक गोष्ट लिहून आणा. त्यावर पुढे चॅटबॉटशी बोललात तरी चालेल, पण तो संवाद छापून आणायचा आणि त्यातलं काय टाकून दिलं ते लाल पेनानं दाखवायचं. त्यांच्या मते मुलगा किती शिकला ते घेतलेल्या वाक्यांवरून कळत नाही, खोडलेल्यांवरून कळतं. यासाठी त्यांचे शनिवार जातात, हेही त्या सांगतात, आणि सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात हे जमणार नाही हेही लपवत नाहीत.

बीडच्या मुलीचा प्रकल्प पूर्ण होत आला आहे. गाइडनी शेवटी विषय मान्य केला, आणि नंतर आपणहून दोन पुस्तकं आणून दिली. आता अडलंय एका परिच्छेदावर. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात तिनं प्रामाणिकपणे लिहिलंय : सुरुवातीला चॅटबॉटला काय विचारलं, त्यानं काय दिलं, काय टाकून दिलं, कोणता एक प्रश्न ठेवला. गाइड म्हणतात, काढून टाक. खोटं काही नाही, पण बाहेरचे परीक्षक तेवढंच धरून बसतील आणि गावातल्या बायकांबद्दल एकही प्रश्न विचारणार नाहीत. वर्गातले मित्र म्हणतात, सगळे लपवतात, तूच का सांगतेस? शिवाय पहिल्या पानावरच्या प्रतिज्ञापत्रात ‘हे सर्वस्वी माझे मूळ काम आहे’ या छापील ओळीखाली सही करायची आहे.

तिनं मला विचारलं, काय करू? मी म्हटलं, ठेव. तो प्रकल्पाचा भागच आहे, काढलास तर तिसरा प्रश्न कुठून आला ते कळणार नाही.

‘तुम्हाला सांगायला काय जातंय, सर?’ ती म्हणाली. ‘व्हायवा मला द्यायचाय.’